शेजारणीचं निनावी जेवण

आमच्या कट्टा गावातल्या शेजारणीचं माहेर दोडामार्गचं. स्वयंपाकघरात शिरली की ती आधी सगळे डबे उघडून वास घेते आणि "बघूया तरी" म्हणत कामाला लागते. मग कलिंगडाच्या पांढऱ्या सालीचे घावणे होतात, नाहीतर काजूच्या बोंडूत सुका जवळा शिजतो. मी हे सगळं खाल्लंय आणि वाटी पुढे करून पुन्हा मागितलंय.

तिच्या सासूबाई मात्र प्रत्येक पानावर विचारायच्या, "ह्यां काय गो?"

"माका तरी खंय ठावक?" ती शांतपणे म्हणायची.

आमच्याकडे सुना बांगड्याच्या कढीवर तोलल्या जातात. ही ती कधीच करत नसे. मला वाटायचं, हिला येतच नसावी.

गेल्या महिन्यात सासूबाई तापाने आडव्या झाल्या. अन्न समोर आलं की तोंड फिरवायच्या. तेव्हा हिने बांगड्याची कढी केली, तिरफळं घालून, थेट सासूबाईंच्या हातच्यासारखी. मी तिथेच होते. त्यांनी ताट पुसून खाल्लं.

"येता, तर इतकी वर्सां करूक नाय कित्याक?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्यासारख्यां केलंय, तर तुमी त्यात काय कमी आसा तां शोधतल्यात," भांडी विसळत ती म्हणाली. "माझ्या जेवणात काय कमी आसा, तां फक्त माकाच ठावक."



दुसऱ्या दिवशी मी गेले, तर त्या भिंतीला धरून स्वयंपाकघरात आल्या होत्या. फणसाच्या आठळ्यांचा डबा त्यांनी स्वतः उघडला, वास घेतला आणि सुनेपुढे सरकवला.

"बघूया तरी," त्या म्हणाल्या.