कुलपांचा फोटो

मिरजगावात गोरक्षनाथाला वायरवाला म्हणूनच ओळखत. बावीस वर्षांपूर्वी त्यानं टीव्हीची केबल ओढली, पुढं त्याच वाटेनं इंटरनेट. कुणाच्या कडुलिंबावरून, कुणाच्या गच्चीवरून वायर गेलीय ते त्याला तोंडपाठ. नेट बंद पडलं की लोक त्याच्या नावानं शंख करत, आणि तो हसत शिडी खांद्यावर टाकून निघे.

ओढ्यापलीकडं ऊसतोड्यांची सतरा घरांची वस्ती. टेकडीआड, म्हणून मोबाईलला रेंज नाही. तिथंही वायर नेली ती त्यानंच. दगडाबाईचा मुलगा अजिनाथ आणि सून सहा महिने कर्नाटकात ऊस तोडत. रोज दिवेलागणीला त्या नेटवर बाई फोनमधे त्यांच्याजवळची आपली नात आरती बघे. बाईचा दिवस त्यावरच चाले.

मग हायवेच्या कडेनं मोठ्या कंपनीची फायबर आली. तिचा सर्व्हेवाला गावात हिंडायला लागला. गाव हातचं जाणार हे गोरक्षनाथाला दिसलं. निदान वस्ती तरी आपली राहू दे, म्हणून त्यानं नको ती हुशारी केली. ऐन पौषात त्या माणसाला वस्तीवर नेलं. माणसं ऊसतोडीला गेलेली, घरोघर कुलपं.

"बघा साहेब, राहतं कोण इथं?"

वळणापुढं दगडाबाईचं दार उघडं होतं. तिथवर नेलंच नाही. त्या माणसानं फोटो काढला आणि यादीतून वस्ती खोडली.

पाठोपाठ दुसरी कंपनी आली. दोघींची चढाओढ लागली. वेग दसपट झाला, दर निम्मा. गावाचं भलं झालं, नाही कशाला म्हणायचं? गोरक्षनाथाची अडीचशे गिऱ्हाईकं मात्र वर्षात तीसवर आली. धंदा गुंडाळून तो पहिल्या कंपनीतच लाईनमन झाला.

पहिलं काम मिळालं ते आपल्याच जुन्या वायरी उतरवायचं. आधी तो नगरच्या ऑफिसात गेला.

"ओढ्यापलीकडं जोडणी द्या साहेब. वायर मी फुकट ओढतो."

मॅनेजर राजसनं स्क्रीन त्याच्याकडं वळवली. "काका, माणसंच नाहीत तिथं पैसा कोण घालणार? आणि हे कुलपाकडं बोट दाखवताय ते तुम्हीच ना?"

तोच होता. वर हसतही होता.

मार्गशीर्षात वायर उतरवायला तो शिडी घेऊन वस्तीवर गेला. दगडाबाईनं शिडी धरली.

"गोरख, नवी वायर कवा यायची रं? आरती आता बोलाया लागलीय."

"न्हाई यायची, मावशी."

"का म्हून?"

"हितं कुनी ऱ्हात न्हाई असं लिवलंय त्यांनी." तो पक्कड फिरवत राहिला. "कुलपं मीच दावली."

वायर सुटून अंगणात पडली. बाईनं मान वर केली.

"माझ्या दाराला कवा कुलूप हुतं रं?"

तो वरच थांबला. खाली उतरायचं म्हणजे तिच्या तोंडाकडं बघायचं.

"उतर आता," ती म्हणाली. "पडशील उगं."

आणि तो उतरेपर्यंत तिनं शिडी सोडली नाही.