दिवाळीचे एकवीस दिवस

जरोद गाव मागे पडलं तेव्हा निहारच्या दोन्ही टाचांना फोड आले होते आणि त्रेसष्ट वर्षांची मंदामावशी त्याच्यापुढे शंभर पावलं होती. नवरात्रातला रविवार, पहाटे चारला दोघं बडोद्याहून पावागडाच्या देवीला पायी निघाली होती. मावशीचा नवस होता: निहारला कायमची नोकरी लागू दे, त्याला घेऊन चालत येईन. नोकरी लागून नऊ वर्षं झाली. नवस तेवढा राहिला, कारण निहारला सवड मिळेना.

ज्यानं सवडीसाठीच नोकरी निवडली, त्याची ही गत.

"लाटांवर उभा राहतोस म्हणे," विसाव्याच्या मंडपात ताकाचा पेला त्याच्या हाती देत मावशी म्हणाली, "आणि डांबरावर चालता येईना?"

"लाट आपणच पुढे नेते गं. तिथं चालायचं कुठे असतं?"

कॉलेजच्या सहलीत कर्नाटकातल्या मुलकीला तो पहिल्यांदा सर्फिंगच्या फळीवर उभा राहिला. चार सेकंद. त्या चार सेकंदांवर त्यानं अख्खं आयुष्य बेतलं. एरवी माणसं एवढ्या भांडवलावर फक्त लग्न करतात. वाघोडियाच्या कारखान्यात जागा होती, पण तिथं रजा मोजून मिळायची. मग शाळेचं वेळापत्रक त्याच्या हाती लागलं. दिवाळीचे एकवीस दिवस, उन्हाळ्याचे पाच आठवडे! बाकीचे मुलांकडे बघून मास्तर होतात, हा कॅलेंडरकडे बघून झाला. छाणीच्या शाळेत विज्ञान शिकवू लागला, तेव्हा नातेवाईक म्हणाले, पोरगं सेवाभावी निघालं. त्यानं खोडून काढलं नाही.

आणि सुट्ट्या? एका दिवाळीत मतदारयादी, दुसरीत पुन्हा मतदारयादी, तिसरीत बहिणीचं, कोमलचं लग्न. उन्हाळ्यात प्रशिक्षण संपेपर्यंत समुद्र खवळायचा. नऊ वर्षांत निहार पाण्यात उतरला तो सतरा दिवस. हौसेनं घेतलेली आठ फुटी फळी गोत्रीच्या फ्लॅटमध्ये गच्चीच्या दाराशी आडवी पडून होती. आई तिच्यावर सांडगे वाळत घालायची.

मंडपातून निघाल्यावर मावशी त्याच्या चालीनं चालू लागली. "आज वर गेलं की देवीआईला सांगणार आहे, ह्याला आचार्य कर, शाळेचा मुख्याध्यापक."

निहार थांबला. खिशातून घामानं ओला झालेला कागद काढून त्यानं तिला दिला. तिनं चष्मा वर करून वाचला. वाघोडियाकडच्या शाळेत आचार्यपदी नेमणूक, सोमवारपर्यंत संमती कळवावी.

"अरे, न मागताच दिलं की आईनं. ह्याची परीक्षा कधी दिलीस?"

"गेल्या वर्षी. परीक्षेला बसणाऱ्याला निवडणुकीचं काम लागत नाही, असं स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं. म्हणून बसलो. नापास व्हायचं ठरवूनच गेलो होतो."

"मग?"

"पेपर सोपा होता. येत असलेलं उत्तर कोरं ठेववेना. बाबांनी लहानपणी छडीनं लावलेली सवय."

मावशी हसली नाही. "घरी सांगितलंस?"

"नाही. आचार्यांना दिवाळीतही शाळेत जावं लागतं, मावशी. माझं मुलकीचं तिकीट काढलेलं आहे." मग त्यानं तिला सगळं सांगून टाकलं, चार सेकंदांपासून कॅलेंडरपर्यंत.

शेजारून यात्रेकरूंचा एक जथा "जय माताजी" म्हणत पुढे गेला. मावशीनं हात जोडले.

"म्हणजे नऊ वर्षांपूर्वी मी तुझ्या सुट्टीसाठी नवस बोलले होते."

"तसंच म्हण."

"आणि महिला मंडळातल्या पोरींना तुझं उदाहरण देत फिरले." तिनं पदरानं मान पुसली. "मुलांना नीट शिकवतोस ना?"

"शिकवतो. लाटांचा धडा चार तासांचा आहे, मी तीन आठवडे घेतो."

"पोरांना आवडतो?"

"त्यांनाही परीक्षा नको असते."

आता ती हसली. कागदाची नीट घडी घालून तिनं परत दिला. "आचार्य झालास तर तुझे बाबा आनंदानं अख्ख्या सोसायटीत पेढे वाटतील."

"माहीत आहे. म्हणून तर कागद दोन दिवस खिशात आहे." त्यानं बूट काढून हातात घेतले. समोर उन्हात डोंगर दिसायला लागला होता. "उद्या मी नाही म्हणून लिहिणार आहे. बाबांना मीच सांगेन. पण मावशी, तू मागितलंस की मिळतं गं. वर गेल्यावर माझ्यासाठी काही मागू नकोस. ह्या वेळी नुसता नमस्कार कर."