कासरा, खिडकीचा गज आणि काढून ठेवलेल्या बांगड्या

आमच्या ह्यांना रजेवर आले की मला बांधायची हौस आणि मला बांधून घ्यायची. दार आमचं, माणसं आमची, कुणाला सांगायचं कारण नव्हतं. आता आजी झाले, लाज वयाबरोबर गेली, म्हणून सांगते.

नात जन्मायच्या वर्षभर आधीची गोष्ट. हे सुभेदार, तिकडं सरहद्दीवर. रजा लांबणीवर पडली. वडूजच्या अलीकडच्या आमच्या घरात दुपारी मी एकटी. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजाराला गेलेल्या, पाचच्या एसटीनं येणार. म्हटलं, नवरा नसला म्हणून काय झालं, दोरी तर आहे!

मी अडाणी नव्हते हो, पूर्ण बेत आखला होता. दाराला आतून कडी, कुणी येऊ नये म्हणून. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला, मध्येच वाजू नये म्हणून. कात्री शिलाई मशीनवर, अगदी हाताच्या अंतरावर. मोकळ्या हाताच्या. एवढं डोकं चालवून बाईसाहेबांनी हातातला हिरवा चुडा उतरवून कोनाड्यात ठेवला, पाय बांधले, मनगटं एकत्र करून बैलाच्या कासऱ्यानं खिडकीच्या गजाला अडकवली आणि दातांनी गाठ ओढली.

गाठ कुठली? वडिलांनी शिकवलेली, मारक्या बैलाची. जनावर हिसडा देईल तशी आवळत जाते. शेतकऱ्याच्या लेकीला दुसरी गाठ येते कुठं?

दहा मिनिटं मजेत गेली. मग सुटायला हिसडा दिला. आणखी एक दिला. अंगठ्याला मुंग्या आल्या आणि मग मुंग्याही गेल्या. हात जांभळट. घड्याळात सव्वाचार. बैलाला निदान दावणीला वैरण असते.

तेवढ्यात शेजारच्या घरातली माझी धाकटी जाऊ वाळलेल्या शेवया गोळा करायला अंगणात आली. मी हळूच हाक मारली. ती खिडकीशी आली आणि बघतच राहिली.

"आक्का, चोर शिरला हुता व्हय?"

"न्हाई गं."

"मग बांधलं कुणी?"

"मीच."

ती गेली ती खुरपं घेऊनच आली. बाहेरून गजाला लागलेला कासरा कापायला लागली आणि कापता कापता म्हणाली, "लय शानी तुमी. पुढच्या टायमाला मला निदान मिस्ड कॉल तरी द्या."

हसत हसत बोलली, पण सगळ्यात अकलेची गोष्ट तीच होती. पुढं मी तेच केलं. सुरू करताना एक मिस्ड कॉल, अर्ध्या तासात दुसरा गेला नाही तर तिनं यायचं, आणि दाराला आतून कडीऐवजी लॅच, त्याची दुसरी किल्ली तिच्याकडं. कात्री बांधलेल्या हातात मावेल अशी, आणि आधी तशाच हातानं दोरी कापून बघितलेली. मुंग्या आल्या की खेळ तिथंच संपला. गळ्याला काही नाही, कधीच नाही. आणि बैलाची गाठ बैलाला.

पण त्या दिवशी सुटले तरी सुटले नाही. पाय सोडून कडी काढली, जाऊ आत आली. मनगटं अशी सुजली की चुडा चढेना. साबण लावला, तेल लावलं, दोन बांगड्या फुटल्या. एसटी त्या दिवशी नेमकी लवकर आली. दारात आत्याबाई.

त्यांची नजर आधी माझ्या मोकळ्या हातांवर गेली, मग जमिनीवरच्या काचांवर. जाऊ शेजारी मान खाली घालून उभी. पिशवी त्यांच्या हातातून सुटली आणि त्या उंबऱ्यावरच बसल्या.

"फोन आला का गं?" आवाज एवढासा.

मी दोरीचं, अब्रूचं, काय थाप मारायची त्याचं सगळं ठरवून बसले होते. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. फौजीची बायको आणि मोकळे हात. त्या माऊलीनं मुलगा गेला असंच धरलं होतं.

"न्हाई आत्याबाई. फोन न्हाई आला. त्ये बरं हायती. मीच काढल्या बांगड्या." आणि पायाशी बसून खरं सगळं सांगितलं. कासऱ्यासकट.

 त्या म्हणाल्या, त्याला आत्ता फोन लाव. लावला. त्यांनी लेकाला जेवलास का एवढंच विचारलं, पलीकडून हो आलं, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

नंतर तेल कोमट करून माझी मनगटं मांडीवर घेतली आणि चोळत बसल्या. मला दुखत होतं, पण मी हात पुढंच धरला. दिवा लागेपर्यंत सूज थोडी उतरली. उरलेल्या बांगड्या त्यांनी एकेक करून स्वतः चढवल्या. शेवटची चढेपर्यंत माझा हात काही त्यांनी सोडला नाही.