नौदलाआधीचं एक वर्ष

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. बी.एस्सी., फिजिक्स आणि मॅथ्स, फर्स्ट क्लास. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं बऱ्याच ठिकाणी मी आपटलेली दिसेन आणि वाचणाऱ्याचा गैरसमज नको.

नौदलानं मुलींना अधिकारी म्हणून घ्यायला नुकतीच सुरुवात केली होती. कॉलेजच्या फलकावर जाहिरात लागली, त्यात मागितलेले दोन्ही विषय माझे होते. मी अर्ज केला. घरी सांगितलं तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, म्हशीच्या धारा काढत होते. आमची कोथरूडकडची बरीचशी जमीन सोसायट्यांखाली गेली होती. एक तुकडा, एक विहीर आणि चार म्हशी उरल्या होत्या. दादा त्याच सोसायट्यांमध्ये दूध घालायचे.

"नौदल म्हंजी बोटीवर?" त्यांनी विचारलं.

"आधी प्रशिक्षण. मग बघतील कुठं पाठवायचं ते."

"आपल्यात कुणी समुद्र बघितलाय का?"

"मी बघीन की."

निवडीसाठी पाच दिवस भोपाळला बोलावलं. पहिल्या खेपेला मी सपशेल पडले. तिथं आठ-दहा जणींना गोलात बसवून एका विषयावर बोलायला सांगतात. आमच्या भावकीत जो वयानं मोठा तो आधी बोलतो आणि त्याचं संपेपर्यंत दुसरं कुणी तोंड उघडत नाही. मी तशीच थांबले. एकीचं संपायच्या आत दुसरी सुरू व्हायची. माझी पाळी येईल म्हणून मी वाट बघत राहिले आणि वेळ संपली. नंतर मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "पोहता येतं?" मी ताठ बसून म्हणाले, "येतं, सर."

"एका दमात किती मीटर?"

"तीस फेऱ्या."

"कशाच्या?"

"विहिरीच्या, सर."

ते हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. शेवटच्या दिवशी निवडलेल्यांचे नंबर वाचून दाखवले. माझा नव्हता.

घरी आले तर दादा दारातच. "काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"मग झालं तर."

"झालं नाही. पुन्हा अर्ज करणार."

तिसऱ्या दिवशी दादांनी मला आणि आईला समोर बसवलं. थोरल्या भावाचं लग्न वैशाखात धरलं होतं. आमच्यात घरात दोन लग्नाची मुलं असली की एकाच मांडवात दोघांना उरकतात. एकच मांडव, एकच आचारी, पाहुणे एकदाच येतात. मुळशीकडचं एक स्थळ मला बघून गेलं होतं आणि त्यांची पसंती होती. मुलगा वाईट नव्हता. सहकारी बँकेत होता, बोलायला सरळ होता. दादा म्हणाले, "वैशाखापातुर तुझं तू काय करायचं ते कर. जमलं तर जा, मी आडवा येणार न्हाई. न्हाई जमलं तर त्याच मांडवात तुझंबी."

मी म्हटलं, "कबूल."

आई म्हणाली, "कबूल काय म्हणतेस? सौदा चाललाय का हितं?"

पण सौदाच होता आणि मला तो पटला होता. आमच्यातल्या किती मुलींना बापानं मुदत दिली असती?

कॉलेज संपलं होतं. नारायण पेठेतल्या एका क्लासमध्ये मी गणित शिकवायचे. मराठी माध्यमाची बॅच सोडून मी इंग्रजी माध्यमाची मागून घेतली. क्लासचे सर म्हणाले, "तुम्हाला जमेल का?" मी म्हटलं, "गणित जमतं. इंग्रजी पोरं शिकवतील." आणि शिकवलंच. पहिले काही आठवडे मी वाक्य बोलले की मागच्या बाकावर खसखस पिकायची. मी तिथंच थांबून विचारायचे, "काय चुकलं?" मग एखादी मुलगी उभी राहून माझं वाक्य दुरुस्त करायची आणि मी तिला भूमितीचा सर्वांत अवघड प्रश्न द्यायचे. दिवाळीपर्यंत खसखस थांबली. गोलात बसून बोलण्याचं काय करायचं, तेही त्याच पोरांनी शिकवलं. त्यांच्यात कुणीच कुणासाठी थांबत नाही.

सकाळी टेकडीवर पळायला जायचे, सलवार-कमीजवर, पायात भावाचे जुने कॅनव्हासचे बूट, पुढं बोळे घातलेले. वाटेत आमच्याच आळीतल्या चुलत्या भेटायच्या.

"अगं, कुठं आग लागलीय?"

"टेकडीवर, काकी."

"मग पाणी न्यायचं की बरोबर."

रोज तेच. एकदा मी आजारी पडून चार दिवस गेले नाही, तर काकी घरी चौकशीला आल्या. आग विझली का म्हणून विचारलं आणि बरोबर काढा घेऊन आल्या होत्या.

राहिलं पोहणं. मीटरचा प्रश्न माझ्या डोक्यात रुतून बसला होता. पेठेतल्या एका तलावावर दुपारी बायकांची बॅच असायची. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, काटकुळ्या, गळ्यात शिट्टी. मी त्यांना म्हटलं, "पोहता येतं मला. फक्त मीटरमध्ये मोजायचंय."

"वा. मग उतरा," त्या म्हणाल्या. "तलाव मोजूनच बांधलाय."

मी मुटका मारून उडी टाकली. काठावर गप्पा मारत बसलेल्या दोघी नखशिखान्त भिजल्या. मग पोहायला लागले, मान वर काढून, जोरात. थोड्या वेळानं हाताला भिंत लागली. पोहोचले वाटलं. बघते तर समोरची भिंत अजून लांब आणि मी डाव्या कडेला. पुन्हा निघाले, पुन्हा डावीकडं. तिसऱ्यांदा एका जाडजूड वहिनींना जाऊन धडकले.

शिट्टी वाजली. "अहो, आपण शिकलात कुठे?"

"विहिरीत."

"तरीच. आपण पोहत नाही आहात, प्रदक्षिणा घालताय. देव कुठे बसवलाय तेवढं सांगा, म्हणजे बाकीच्या बाजूला होतील."

खरं होतं ते. आमच्या विहिरीत उजव्या अंगाला मोटारीचा पाइप खाली गेलेला. त्याला लागू नये म्हणून आम्ही सगळे डावीकडं वळत वळत पोहायचो. भावानं मला पाठीला वाळका भोपळा बांधून तिथंच शिकवलं होतं आणि पहिला धडा हाच दिला होता, की पाइपवर नजर ठेव. बारा-तेरा वर्षं मी त्याच गोलात फिरत होते. माझा उजवा हात डाव्यापेक्षा लांब फेक घ्यायचा आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

बाईंनी मला पहिल्यापासून सुरू करायला लावलं. पाच-सहा वर्षांच्या मुलींच्या शेजारी काठाला धरून पाय मारायचे. तोंड पाण्यात घालायचं, तळाच्या काळ्या पट्टीकडं बघायचं, श्वास बाजूला घ्यायचा. मी तलावाचं निम्मं पाणी प्यायले असेन. हाताला शिकवलेलं विसरायला लावणं हे नवीन शिकण्यापेक्षा फार अवघड, हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. पोहायचा पोशाख आई परकराखाली झाकून वाळत घालायची. दादांनी तो बघितला होता, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. ते त्या दोरीकडं पाठ करून चहा प्यायचे.

माघ संपता संपता मी सरळ रेषेत जायला लागले. बाई म्हणाल्या, "आता आपण पोहता असं म्हणायला हरकत नाही." यापेक्षा जास्त कौतुक त्यांनी कुणाचं केल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्यांदा अर्ज केलाच होता. चैत्र लागला तरी बोलावणं नव्हतं. घरात बस्ता बांधला गेला. आईनं दोन शालू आणले, एक होणाऱ्या वहिनीचा, एक माझा, आणि दोन्ही एकावर एक कपाटात ठेवले. कपाट उघडलं की ते दिसायचे. मी कपाट उघडायचं सोडून दिलं. माझे कपडे बाहेर खुंटीवर आले.

मग बोलावणं आलं. तारखा बघितल्या आणि मी खाली बसले. शेवटचा दिवस भावाच्या लग्नाच्या दोन दिवस आधी होता. निवड झाली नाही तर त्याच रात्रीची गाडी धरून वेळेत परतता येत होतं. झाली तर वैद्यकीय तपासणीसाठी तिथंच राहायचं, म्हणजे लग्न चुकणार.

भाऊ माझा एकुलता एक. नवऱ्याची सख्खी बहीण करवली असते. हातात करा घेऊन ती त्याच्या मागं उभी राहते. आमच्यात बहिणीशिवाय नवरदेव उभा राहिला की लोक बहीण मेली का विचारतात.

भाऊ म्हणाला, "म्हणजे तू पास झालीस तर माझ्या लग्नाला नसणार."

"हो."

"आणि नापास झालीस तर माझ्याच मांडवात बोहल्यावर."

"हो."

"मग मी देवाला काय मागू?"

"मला विचारशील तर पहिलं."

तो उठून गेला. जायच्या दिवशी तो घरी नव्हता.

मुळशीची माणसं चांगली होती. दादांनी त्यांना थांबवलं होतं आणि ते थांबले होते. पोरगी आली की हळद लावू, मांडव आहेच, म्हणाले. दादा मला एवढंच म्हणाले, "मी किती जणांना थांबवू?" मी म्हटलं, "आता पाचच दिवस."

भोपाळला यावेळी गोलात बसल्याबरोबर मी पहिली बोलले. माझं संपायच्या आत एकीनं मध्ये तोंड घातलं, तर तिला म्हटलं, "एक मिनिट," आणि पुढं बोलत राहिले. फळ्या आणि दोर देऊन खड्डा ओलांडायला लावतात, तिथं आमच्या गोठ्याच्या गाठी उपयोगी पडल्या. मुलाखतीला साहेब वेगळे होते. घरी कोण कोण असतं, असं त्यांनी विचारलं. मी भावाच्या लग्नाचं सांगितलं.

"निवड झाली तर लग्न चुकेल," ते म्हणाले.

"हो, सर."

"चालेल?"

"चालणार नाही, सर. पण जेवणावळीला वेळेत पोहोचायचं असतं तर मी घरीच राहिले असते."

बाईंची संगत, दुसरं काय. ते हसले की नाही माहीत नाही, मी त्यांच्या मागच्या नकाशाकडं बघत बसले होते.

शेवटच्या दिवशी तिघींचे नंबर वाचले. दुसरा माझा.

बूथवरून आमच्या शेजारच्या वाण्याकडं फोन लावला. दादांना बोलवायला कुणीतरी धावलं. मागं ढोल वाजत होता, बायका जात्यावरची गाणी म्हणत होत्या. दादा फोनवर आले.

"झालं का?"

"झालं. आता डॉक्टर तपासणार. मला येता येणार नाही."

दादांनी कुणाला तरी ढोल थांबवायला सांगितलं.

"करवलीचं काय?" त्यांनी विचारलं.

"आत्याच्या मुलीला उभं करा. तिला माझी साडी येईल."

"बरं. मुळशीच्या लोकांना मी सांगतो."

"काय सांगणार?"

"पोरगी सरकारी अधिकारी झाली म्हणून."

"दादा, अजून झाले नाही. तपासणी आहे, मग यादी लागेल, मग..."

"ते त्यांना कशाला सांगू?" दादा म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "जेवाया देतात का नीट?"

"देतात."

"आईला येऊ देत न्हाई फोनवर. रडंल, आन् लग्नघरात रडू नये." आणि फोन ठेवला.

लग्नाच्या मुहूर्ताला मी दवाखान्याच्या व्हरांड्यात डोळे तपासून घ्यायच्या रांगेत उभी होते. हातात घड्याळ होतं, मी ते पर्समध्ये टाकलं. माझा नंबर आला, आत गेले आणि तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचली.

परत आले तेव्हा मांडवाचे खड्डे बुजवून झाले होते. नव्या वहिनीनं मला तांब्याभर पाणी दिलं आणि दार धरून उभी राहिली. भाऊ आतल्या खोलीत होता. तो बाहेर आला, माझ्याकडं बघितलं आणि म्हशींकडं गेला. पुढचे दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही. "मीठ दे" सुद्धा वहिनीला सांगायचा आणि ती बिचारी माझ्याकडून घेऊन त्याला द्यायची. मी त्याची मनधरणी केली नाही. रोज सकाळी पळायला गेले, दुपारी क्लासला. लोक अजून विचारतात, वाईट वाटलं का. वाटलं तर. अजूनही लग्नाचा आल्बम निघाला की मी चहा करायला उठते. पण पुन्हा तीच तारीख आली तर मी पुन्हा भोपाळचीच गाडी धरीन, आणि हे मी भावाच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

यादीत नाव लागलं. आई शालू परत करायला निघाली होती, दादांनी करू दिला नाही. प्रशिक्षणाला निघायच्या दिवशी माझी लोखंडी ट्रंक अंगणात ठेवली होती आणि दादा रिक्षा आणायला गेले होते. भावानं स्कूटर काढली. ट्रंक पुढं पायाशी उभी केली, बसायची खूण केली. मी मागं बसले. कर्वे रस्ता, डेक्कन, सगळं मागं पडलं. स्टेशनच्या बाहेर स्कूटर उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं.

"तिकीट घेतलंस?" त्यानं विचारलं.

"घेतलं."

"तिकडं पोरींना मारतात का?"

"मारत नाहीत. पळवतात."

"मग तुला काय," तो म्हणाला. "उतर, उशीर होईल."

मी उतरले, ट्रंक उचलली. त्यानं दुसऱ्या बाजूची कडी धरली आणि आम्ही दोघं आत गेलो.