बाईंनी घडवलेला आवाज

मंडळी, आज दुपारी माझ्या शाळेत माझा सत्कार झाला आणि मी तिथे भांडून आले.

नव्याने जोडल्या गेलेल्यांसाठी सांगते, मी ऑपेरा गाते. सोप्रानो, म्हणजे बायकांमधला सर्वांत उंच आवाज. अकरा वर्षं युरोपात गायले, यंदा पुण्यात परतले.

व्यासपीठावर आमच्या संगीताच्या बाई होत्या. माइक हातात घेऊन म्हणाल्या, "रेश्माचा आवाज मी सातवीतच हेरला. तिला मी घडवलं."

सातवीत याच बाईंनी मला समूहगीतात मागच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस." त्यानंतर सहा वर्षं मी घरातसुद्धा गायले नाही. कॉलेजातल्या मैत्रिणीने तिच्या चर्चच्या गायनवृंदात ओढून नेलं, म्हणून पुढचं सगळं झालं.

माझी बोलायची वेळ आली तेव्हा मी हे तसंच्या तसं सांगितलं. मुख्याध्यापकांनी घाईघाईने आभार उरकले.

चहाच्या वेळी बाई जवळ आल्या. "अगं, किती जुनं धरून बसतेस? तुझ्यापुढे बाकीच्या मुली ऐकूच यायच्या नाहीत. मी तरी काय करणार?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी मात्र इतकी वर्षं समजत होते की तेव्हा माझा आवाजच वाईट होता.

शाल तिथेच ठेवून मी निघाले. अम्मी म्हणते, वयस्कर बाईंना चारचौघांत असं बोलायला नको होतंस. तुम्ही काय केलं असतं?