डावीकडच्या पाहुण्या

सुवर्णाच्या बाबांचा फोन आला तेव्हा मी शिकवते त्या शाळेची मधली सुट्टी चालू होती. "पोरी, झालं," एवढंच ते म्हणाले. पलीकडे कुणीतरी भांडी सरकवत होतं. बातमी अचानक आलेली नव्हती. ती येणार हे आम्हाला ठाऊक होतं, सुवर्णाला तर आमच्या आधीपासून. तरी हे चार शब्द लिहायला मला इतके आठवडे लागले, कारण तिचं मरण तिच्याकडे रंगीत होऊन आलं होतं आणि तिनं हसत त्याला बसायला जागा दिली होती. ते कसं सांगावं, हेच कळत नव्हतं.

इंझोरी गावात सुवर्णाचं आणि माझं घर एकाच गल्लीत. दोघींच्याही घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मानोऱ्याच्या कॉलेजात आम्ही एसटीनं जायचो. संध्याकाळी परतताना सूर्य खाली आलेला असायचा, आणि रस्त्याकडेच्या झाडांमधून ऊन डोळ्यांवर उघडझाप करत पडायचं. सुवर्णा मला कोपर मारून म्हणायची, "डोये मीट. अन् काय दिसते ते सांग." मला लाल-पिवळी जाळी दिसायची, चौकटीच चौकटी, कधी फिरती चाकं. "बाहेर तं जाळी नाही," ती म्हणायची, "मंग ही जाळी इनते कोन?" हाच प्रश्न घेऊन ती पुढे नागपूरला गेली, बंगळुरूला गेली आणि शेवटी परदेशातल्या एका प्रयोगशाळेत पोचली. आणि मी शिकले तीही तिच्यामुळेच. बारावीनंतर माझं शिक्षण थांबवायचं ठरलं, तेव्हा ती आमच्या ओसरीवर येऊन बसली आणि हलेचना. "काका, हिले शिकू द्या. नाही जमलं तं माह्या बापाच्या वावरात दोघीबी निंदाले जाऊ." माझे वडील हसले, आणि हसलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. आज मी विज्ञान शिकवते ते त्या संध्याकाळच्या जोरावर.

तिचं काम मला तिनंच समजावलं होतं. रानातल्या काही अळंब्यांमध्ये असं एक द्रव्य असतं की त्यानं माणसाला जे दिसतं ते बदलून जातं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली निरोगी माणसांना ते मोजून द्यायचं, मशीनमध्ये झोपवून चित्रं दाखवायची आणि मेंदूत काय चाललंय ते टिपायचं. आपल्याकडे अळंबीला सात्या म्हणतात. तिचे बाबा पारावर सगळ्यांना सांगायचे, "पोरगी सात्याइवर मोठी डॉक्टरकी करून राह्यली. इथं वावराच्या धुऱ्यावर फुकट भेटतात, त्या पाहाले तिले इमानात बसा लागलं!" मी विचारलं, तेव्हा सुवर्णानं तिच्या आईचंच उदाहरण दिलं. "गल्लीच्या टोकाले कोनी दिसलं का माय चालीवरूनच नाव सांगते. तोंड पाहातच नाही. मेंदूबी तसाच हाये. थोडंसं पाहते, बाकीचं अंदाजानं भरते. या औषधानं तो अंदाज ढिला पडते. मंग चादरीवरची फुलं चालाले लागतात, भिंत श्वास घेते."

तिनं स्वतः ते कधीच घेतलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी आईनं देव्हाऱ्यापुढे शपथ घातली होती, "लोकाइले काय द्याचं ते दे. आपल्या तोंडात नाही घालाचं." सुवर्णानं ती पाळली. पण माणसं रडत, हसत, भारावून त्या खोलीतून बाहेर यायची आणि हिनं फक्त त्यांचं ऐकून घ्यायचं. "लग्नातल्या वाढप्यासारखं झालं वं माह्यं," ती एकदा म्हणाली. "साऱ्या पंगतीले वाढाचं, अन् आपून उपाशी."

गेल्या वर्षी एका रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा नुसता फुललेला. "ज्योते, मले दिसाले लागलं!" भर दिवसा, शुद्धीत, कुठल्याही औषधाशिवाय. डाव्या कोपऱ्यात हिरवी-तांबडी वर्तुळं उठायची, बांगड्यांचा ढीग फिरवावा तशी फिरायची आणि विझून जायची. "शप्पथबी मोडली नाही अन् पंगतीत बसाले भेटलं!" मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. ती म्हणाली, "अर्धशिशी हाये. लोकाइले असंच दिसते." अशा कितीतरी लोकांच्या हकिकती तिनं ऐकल्या होत्या, त्यामुळे तिला ते दुरूनच ओळखू आलं... चालीवरून. मी पुन्हा म्हटलं, "तुह्याच मशीनमध्ये झोप ना एकदा." ती म्हणाली, "झोपीन. पह्यले नीट पाहून घेऊ दे. एकदा नाव ठेवलं का मंग सारं त्या नावासारखंच दिसते."

मशीन तिच्या खोलीपासून चार दारं पलीकडे होतं. ती दुसऱ्यांना त्यात झोपवत राहिली, आणि तिची वर्तुळं जास्त वेळ थांबायला लागली. ती त्यांना 'डावीकडच्या पाहुण्या' म्हणायची. मी फोनवर भांडायचे, ती हसायची. मग एकदा तिचा आवाज खाली आलेला वाटला. "आज वर्तुळ नव्हतं. एक बाई उभी होती. पदर घेतलेली... तोंड नव्हतं तिले."

"भेव नाही लागलं?"

"नाही वं. ओळखीची वाटली. जरा जरा जवळ येऊन राह्यली."

मी तिच्या आईला फोन करून सांगितलं, तिला घरी बोलवा. दिवाळीला ती आली.

आमच्याकडे ताट कसंही वाढत नाहीत. मीठ, लोणचं, ठेचा डावीकडे, भाजी-वरण उजवीकडे. सुवर्णाला ठेच्याशिवाय घास उतरायचा नाही, म्हणून आईनं ती आल्यापासून रोज ताजा कुटला होता आणि रोज तो तसाच परत गेला होता. मी त्यांच्याकडे जेवायला बसले त्या दिवशी आई भडकलीच. "तिकडचं अयनी, बिनमिठा-तिखटाचं खाऊन जीभ मेली का वं तुही? ठेच्याले बोटबी लावत नाही!"

"वाढशीन तं खाईन ना," सुवर्णा हसत म्हणाली. "हाये कुठं ठेचा?"

"घ्या," बाबा म्हणाले, "पाहाण्याचं शिक्षण घेतलं अन् ताटातलंबी दिसनासं झालं!"

आईसुद्धा हसली. मी समोर बसले होते. ठेचा होता. हिरवागार, त्याच्या जागेवर, तिच्या डावीकडे. सुवर्णाची नजर माझ्या चेहऱ्यावर आली आणि तिचं हसू ओसरायला लागलं. तिनं हातातली भाकर खाली ठेवली, ताटाच्या कडेला बोट लावलं आणि ताट हळूच फिरवलं. ठेचा उजवीकडे आला. तिनं ताट परत फिरवलं. पुन्हा पुढे. पुन्हा मागे... नजरेचा एखादा कोपरा हरवला की तिथे काळोख दिसत नाही, हे तिनंच मला सांगितलं होतं. मेंदू आजूबाजूचा रंग त्या जागेवर पसरून देतो, आणि काही गेलंय याचा माणसाला पत्ताही लागत नाही. तिच्या अर्ध्या ताटावर नुसतं स्टील पसरलं होतं, कोण जाणे किती दिवसांपासून. गणित सोडवताना व्हायचा तसा तिचा चेहरा झाला होता. मग ती म्हणाली, "माय, ठेचा चांगला झाला," आणि सगळा ठेचा तिनं चाटूनपुसून खाल्ला.

नागपूरला तपासणी झाली. मेंदूच्या मागच्या भागात, उजवीकडे, गाठ होती. डावीकडचं दिसतं ते त्याच जागेत. आधी आलो असतो तर काय झालं असतं, हे बाबांनी विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख लिहून दिली. ऑपरेशन झालं, पण गाठीची मुळं राहिली, आणि सुवर्णा इंझोरीलाच परत आली. मी तिला कधी बोल लावला नाही. तिनंच एकदा विषय काढला. "मी पाहातच राह्यली, ज्योते. पाहाचंच शिकली होती ना." शेवटच्या दिवसांत मी न राहवून विचारलं, ती पदरवाली अजून येते का.

"आता डावीकडे नाही राहत. समोर बसते."

"अन् तोंड?"

"हाये आता," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. कुणाचं, ते तिनं सांगितलं नाही.

परवा मी सुवर्णाच्या घरी गेले. काकूंनी, तिच्या आईनं, जेवायला बसवलं. आजारपणात सुवर्णाला दिसावं म्हणून त्या सगळं ताटाच्या उजव्या अंगाला वाढायला लागल्या होत्या. तोच हात आता सगळ्यांसाठी पडतो. मीठ, ठेचा, भाजी, भाकर, सगळं एका बाजूला दाटलेलं. बाबांचं ताटही तसंच. मी वर पाहिलं तेव्हा त्यांनी मान किंचित हलवली... बोलू नको. मी जेवू लागले. डावीकडचं अर्धं ताट स्वच्छ, चकचकीत, रिकामं होतं. दोन घास खाल्ले, आणि तिसऱ्या घासाला मनात आलं, ते खरंच रिकामं आहे ना? काकू पाठमोऱ्या झाल्या तेव्हा मी कडेला बोट लावून ताट हळूच फिरवून पाहिलं.