कुसुमावतीबाई घर बघायला आल्या

आमच्या शेजारचं घर विकायला निघालं आणि त्याची किल्ली माझ्या गळ्यात पडली. मालक बेंगळुरूत. "कांचन मॅडम, कोणी आलं तर जरा दाखवा," एवढं फोनवर सांगून तो मोकळा झाला. मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी म्हैसूरला आले आणि शहराबाहेर येलवालच्या या नव्या वसाहतीत येऊन पडले. गल्लीत मराठीचा एक शब्द कानावर पडत नाही. नवरा घरी असतो, पण तो लॅपटॉपशीच बोलतो.

एका रविवारी दारात तिघं उभी. पुढे ठेंगण्याशा, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळलेल्या बाई. याच त्या कुसुमावतीबाई. मागे त्यांचे यजमान कृष्णाजी, आणि बोटावर गाडीची किल्ली फिरवणारा मुलगा धनुष. कन्नडमधून सगळी माहिती मिळाली. शहरातल्या मंडी मोहल्ल्यात यांचं ब्लाउजपीस आणि अस्तरांचं मॅचिंगचं दुकान. राहतं भाड्याचं घर पाडायला निघालंय, आणि धनुषची कंपनी इकडे जवळ, म्हणून येलवाल. माझं मोडकंतोडकं कन्नड ऐकून त्यांनी मला हिंदीवाली समजून थेट दिल्लीच्या बाजूला नेऊन बसवलं असावं. मी आधी माझ्याकडे बसवून त्यांना कॉफी दिली.

बाईंनी एक घोट घेतला, माझ्याकडे बघून गोड हसल्या, आणि तसंच हसत यजमानांना म्हणाल्या, "सुम्ने, गुपचूप पिऊन टाका री. बिचारीनं दुधाला कॉफीचा डबा नुसता दाखवलाय."

मराठी! 'अहो'च्या जागी कन्नड 'री', पण मराठी! चक्क माझ्या घरात! "अगं बाई, तुम्ही मराठी?" असं मी ओरडणारच होते, तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "आणि नोडी, बघा तरी, साडी मोरपंखी अन् ब्लाउज पोपटी. हिच्या घरात आरसा नाही वाटतं."

आता सांगा, यावर कुठल्या तोंडानं म्हणायचं की मीही मराठीच? मी निमूटपणे किल्ली उचलली. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. दुकानात गिऱ्हाइकासमोर आपसांत बोलायला यांनी जन्मभर मराठी वापरलेली. मराठी म्हणजे यांचा घरचा पडदा. पडद्याच्या आत आणखी कोणी बसलं असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शेजारचं घर उघडलं आणि मग तर बहारच आली. बाई मला कन्नडमध्ये म्हणाल्या, "स्वयंपाकघर फारच अंधारं आहे हो." आणि लगेच मराठीत धनुषला, "काय उजेड आहे रे! पण तू तोंड पाडून उभा राहा." धनुषनं इमानेइतबारे तोंड पाडलं. "पार्किंग सूपर आहे अम्मा," असं तो सुतकी चेहऱ्यानं म्हणाला आणि गच्ची बघायला वर गेला. मला हसू आवरेना. खोकल्याचं निमित्त करून मी खिडकीकडे वळले.

"घेऊन टाकू," कृष्णाजी म्हणाले. "धनुषला जवळ. मी स्कूटरनं दुकानात जाईन."

"आणि मी?"

"तू आता आराम कर. एवढं मोठं घर आहे. गुडघे दुखतात ना तुझे?"

बाईंचा सगळा तोरा एका क्षणात उतरला. "माझे गुडघे दुकानात दुखत नाहीत," त्या म्हणाल्या. "घरी बसले की दुखतात. चार दुकानं पालथी घालून, वैतागून एखादी बाई माझ्याकडे साडी घेऊन येते. मी तिच्यापुढे नेमका तो रंग काढून ठेवते. तेव्हा तिचं तोंड बघायचं! इथं दिवसभर कुणाचं तोंड बघू? धनुषच्या कंपनीचं अंतर बघितलंत, तुमच्या स्कूटरचं बघितलंत. माझं कुणी विचारलंत?" शेवटी पदरानं डोळे टिपले त्यांनी. मला खोकला काढायचीही लाज वाटली.

कृष्णाजी माणूस वाईट नाही. बायकोच्या काळजीनंच बोलत होते, पण काळजी अशी की समोरच्याला घुसमटवेल. "स्कूटरवर तुला बसवत नाही," ते म्हणाले. "रोजची रिक्षा परवडायची नाही. आणि बस तर इथून नाहीच. मी चौकशी केलीय."

चौकशी! कुठं केली देव जाणे! आले गाडीतून, उतरले दारात. कोपऱ्यावरच्या नारळवाल्याला विचारलं असतं तरी कळलं असतं. माझं डोकंच फिरलं.

"आहे की हो बस!" मी मराठीतच ओरडले. "नारळवाल्यासमोर थांबते. सकाळी एकामागून एक असतात, थेट सिटी बसस्टँडपर्यंत. तिथून मंडी मोहल्ला जवळच. आणि आपल्याला, बायकांना, तिकीटसुद्धा लागत नाही!"

कृष्णाजी भिंतीला टेकले. कुसुमावतीबाईंनी आधी माझ्या साडीकडे पाहिलं, मग ब्लाउजकडे, आणि कपाळाला हात लावला. "अय्यो देवा! म्हणजे कॉफीचंही कळलं?"

"कळलं."

"आरशाचं?"

"तेही."

"आणि स्वयंपाकघर आवडलंय ते?"

"ते मालकाला सांगणार नाही," मी म्हटलं.

बाई अशा हसल्या की डोळ्यांतलं पाणी त्यातच वाहून गेलं. मलाही फार, फार बरं वाटलं. माझ्या कपड्यांना मराठीतून नावं ठेवणारं माणूस आई गेल्यापासून मला भेटलं नव्हतं.

"चल," त्या एकदम म्हणाल्या. अहोजाहो केव्हाच गळून पडलं होतं. "दाखव तुझी बस."

आम्ही दोघी पुढे, मागून कृष्णाजी "अगं, गाडी आहे ना, गाडी!" म्हणत धावतायत, आणि गच्चीवरून धनुष विचारतोय, "अम्मा, तोंड अजून पाडू का?" कोपऱ्यावर पोचतो तोच बस आली. बाई गुडघ्यावर हात दाबून चढल्या आणि खिडकीची जागा धरून बसल्या. मग अख्ख्या बससमोर, पडदाबिडदा काही न ठेवता, मोठ्यानं म्हणाल्या, "घर घ्या री! दुकान मी बघते. तुम्ही स्वल्प आराम करा!"